शाळेचा निरोप आईपर्यंत पोहोचतो का?

मैत्रिणींनो, शाळेकडून घरी निरोप येण्याच्या किती तऱ्हा आपण पाहिल्या! आपल्या आईच्या वेळी गुरुजी वाटेतच भेटायचे. "पोरगी दोन दिवस का आली नाही?" असं पारावरच विचारलं जायचं. मग वहीच्या पानावर लिहिलेली चिठ्ठी आली. ती दप्तरातून घरी पोहोचली तर पोहोचली, नाहीतर तिची होडी होऊन ओढ्यात जायची! पुढे छापील सूचनावही निघाली आणि तिच्यावर पालकाची सही लागू लागली. आणि आता? सकाळी कुकरची दुसरी शिट्टी होते न होते तोच कट्ट्यावरचा फोन वाजतो. "उद्या गणवेशात यावे." "शनिवारी शाळा सकाळची." "आधारची झेरॉक्स जमा करा."

आमच्या कळंबसारख्या तालुक्याच्या गावात काय किंवा मांजरेच्या काठच्या लहानशा वस्तीवर काय, आता शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप नाही अशी शाळा शोधावी लागेल. काही मुख्याध्यापक शाळेचं फेसबुक पान चालवतात, कुणी यूट्यूबवर कविता चालीत म्हणून घालतात, कुणी ब्लॉग लिहितात. शाळेच्या चार भिंतींत काय चाललं आहे ते साऱ्या गावाला आणि गावाबाहेरही कळावं, असा त्यामागचा हेतू. तो चांगलाच आहे. पण शाळा बोलते ते कुणाशी, काय बोलते, आणि तिचं बोलणं ज्या बाईनं मुलाला न्हाऊमाखू घालून शाळेत धाडलं तिच्या कानावर पडतं का, हे प्रश्न कुणी फारसे विचारत नाही. घर सांभाळून तासिकेवर शिकवत असल्यामुळे मला या निरोपाच्या दोन्ही बाजू रोज दिसतात. म्हणून हा विषय तुमच्यापुढे मांडते आहे.

जुनीच हौस, नवं साधन

शिक्षकांनी आपलं म्हणणं लिहून काढावं, दुसऱ्या शिक्षकांपर्यंत पोहोचवावं, ही हौस फोनबरोबर आली असं समजू नका. ती फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्याहून 'शालापत्रक' नावाचं मासिक निघत असे. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री, दोघांनीही ते सांभाळलं. विष्णुशास्त्र्यांकडे त्याचं काम १८६८ पासून होतं. शाळाखात्याच्या आश्रयानं चालणारं ते मासिक, पण विष्णुशास्त्री पडले परखड! सरकारला त्यांचं लिहिणं रुचेना आणि १८७५ मध्ये शालापत्रक बंद झालं. पुढे त्यांनी सरकारी शाळेतली नोकरीही सोडली आणि १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं, हे आपल्याला ठाऊकच आहे. शिक्षकानं खात्याच्या जागेवर किती मोकळेपणानं बोलावं, हा प्रश्न तेव्हापासूनचा!

दुसरं उदाहरण आपल्याला अधिक जवळचं. ताराबाई मोडक यांनी १९३३ पासून मराठीतून 'शिक्षणपत्रिका' चालवली. गिजुभाई बधेका यांनी गुजरातीत जे काम सुरू केलं होतं, त्याचीच ही मराठी वाट. लहान मुलाला मारू नये, त्याला हातानं करू द्यावं, त्याच्या 'का?' ला उत्तर द्यावं, या गोष्टी तेव्हा नव्या होत्या. ताराबाई त्या शिक्षकांना सांगत, तशाच आयांनाही सांगत. पुढे १९४५ मध्ये त्यांनी अनुताई वाघ यांना बरोबर घेऊन बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या त्यांच्या विचारातून अंगणवाडी उभी राहिली. ताराबाईंच्या लिहिण्यात आई ही ऐकणारी होती, तशीच काही सांगू शकणारीही होती. हे लक्षात ठेवा, कारण आजच्या फोनच्या ग्रुपमध्ये नेमकं हेच हरवत चाललं आहे.

गुरुजी गुरुजींशी बोलू लागले

आपल्या राज्यात जिल्हा परिषदेच्या शाळांतले शिक्षक फोनवरून एकमेकांशी मोठ्या प्रमाणात बोलू लागले ते साधारण २०१५ च्या सुमारास. त्या वर्षी २२ जूनला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा शासन निर्णय निघाला. प्रत्येक मूल शिकलंच पाहिजे, असा त्याचा रोख होता. त्याच सुमाराला सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं नाव सगळीकडे झालं. तिथल्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीनं मुलांना शिकतं केलं होतं. फरशीवर आखलेल्या संख्या, गठ्ठे-सुट्टे, अक्षरांचे खेळ. मुलं गोल करून बसलेली आणि बाई त्यांच्यातच बसलेल्या! राज्यभरातून शिक्षक गाड्या करून ते पाहायला गेले. जे गेले त्यांनी फोटो काढले, आणि जे जाऊ शकले नाहीत त्यांच्यापर्यंत ते फोटो फोनवरून पोहोचले.

त्यानंतर गावोगावच्या शाळांच्या फरशा रंगल्या. तुम्हीही पाहिल्या असतील. काही ठिकाणी त्या फरशीवर मुलं खरंच खेळली, शिकली. काही ठिकाणी मात्र नुसता रंगच आला, आणि मुलं पुन्हा रांगेत बसून पाढे घोकू लागली. फोटोतून रंग दिसतो, पण बाईनं मुलाला कोणता प्रश्न विचारला आणि उत्तर चुकल्यावर काय केलं, ते दिसत नाही. ते कुणीतरी लिहावं लागतं. म्हणूनच मला वाटतं की मुख्याध्यापकांनी दहा फोटो टाकण्यापेक्षा चार ओळी लिहाव्या. "आमच्या दुसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी जड जात होती. काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवले, तेव्हा समजली. तरी तिघांना अजून येत नाही." एवढं जरी लिहिलं तरी शेजारच्या केंद्रातल्या बाईंना त्याचा उपयोग होतो. आणि घरी आईलाही कळतं की संध्याकाळी काड्या घेऊन बसावं.

बार्शीच्या पलीकडे माढा तालुक्यात परितेवाडी नावाचं लहान गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ मध्ये रुजू झाले. पुस्तकातल्या कवितेशेजारी काळ्यापांढऱ्या चौकटीचा क्यूआर कोड चिकटवायचा, त्यावर फोन धरला की तीच कविता ऐकू यावी, धडा पाहायला मिळावा, अशी युक्ती त्यांनी केली. पुढे तो चौकोन राज्याच्या पाठ्यपुस्तकांत छापून आला. आपल्या मुलाचं पुस्तक उघडून पाहा, सापडेल. डिसले गुरुजींना ३ डिसेंबर २०२० रोजी वार्की फाउंडेशनचा ग्लोबल टीचर पुरस्कार जाहीर झाला. दहा लाख डॉलरचा हा पुरस्कार. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. लहान वस्तीवरच्या शाळेतली कल्पना इतक्या दूर गेली, कारण ती सांगितली गेली. शाळेनं बोलावं ते यासाठीच.

आणि शाळा बोलली की गावही देतं. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेला एखादा माजी विद्यार्थी शाळेचं पान पाहतो, पत्रे गळताना दिसतात आणि तो पैसे पाठवतो. लोकवर्गणीतून कितीतरी शाळांना संगणक, पाण्याची टाकी, ग्रंथालय मिळालं आहे. मात्र देणाऱ्याचं नाव जसं झळकतं तसाच खर्चाचा हिशोबही त्याच पानावर यावा. घरखर्चाची वही ठेवणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नकोच!

फोन कुणाच्या खिशात?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि शाळांना कुलपं लागली. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी त्या वेळची घोषणा. धडे, स्वाध्याय, गृहपाठ सगळं फोनवर आलं. ज्यांच्या घरी फोन होता त्यांची मुलं काहीतरी शिकली. ज्यांच्या घरी एकच फोन होता, तिथे तो आधी कुणाला मिळाला, हे मी सांगायला नको. बहुतेक ठिकाणी भावाला, मग उरला वेळ तर बहिणीला. काही गुरुजींनी मात्र झाडाखाली, ओसरीवर चारचार मुलं बसवून शिकवलं, तेही आपण पाहिलं. शाळा उघडल्या, पण ग्रुप तसाच राहिला. आता तोच शाळेचा फळा आणि तोच शाळेचा शिपाई होऊन बसला आहे.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. शाळेत प्रवेश घेताना अर्जावर 'पालकाचा मोबाइल क्रमांक' असा रकाना असतो. तिथे नंबर कुणाचा लिहिला जातो? वडिलांचा. ग्रुपमध्येही मग तोच नंबर जातो. सकाळी निरोप येतो तेव्हा तो फोन वडिलांच्या खिशात बसून मोंढ्यावर, शेतावर नाहीतर परगावी गेलेला असतो. मुलाचं दप्तर भरणारी, डबा देणारी, अभ्यासाला बसवणारी आई घरी असते. तिला निरोप कळतो तो रात्री, आणि तोही नवऱ्याला आठवला तर!

२०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तिच्यात १५ ते ४९ वर्षं वयाच्या बायकांना विचारलं, तेव्हा देशात शंभरातल्या ५४ जणींकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका शंभरात ३३, तर पुरुष ५७. त्यानंतर फोन वाढले आहेत, हे खरं. पण फोन असणं वेगळं, त्यात महिन्याचा नेटपॅक असणं वेगळं, आणि लिहून आलेला निरोप वाचता येणं त्याहून वेगळं.

एका आईनं मला सांगितलेली गोष्ट ऐका. मुलगी पाचवीत, हुशार. नवोदयच्या परीक्षेचा अर्ज भरायची सूचना ग्रुपवर आली होती, शेवटची तारीखही होती. पण "फोन मालकाजवळ अन् मालक कारखान्यावर. मला कोन सांगणार बाई?" मालक म्हणजे तिचा नवरा. त्यानं निरोप पाहिला, घरी गेल्यावर भरू म्हणाला आणि तारीख उलटली. आपल्या जिल्ह्याचं नवोदय विद्यालय तुळजापूरला आहे. तिथे सहावीला प्रवेश मिळाला तर बारावीपर्यंत राहण्याजेवणासह शिक्षण होतं. आणि ही प्रवेश परीक्षा मुलाला एकदाच देता येते, दुसऱ्या वर्षी पुन्हा बसता येत नाही! शाळेनं निरोप दिला होता, वडिलांनी तो पाहिला होता, तरीही एका मुलीची संधी गेली. शाळेच्या नोंदीत मात्र 'सर्व पालकांना कळवले' असंच राहणार.

म्हणून माझं म्हणणं असं की ग्रुपवर टाकला म्हणजे निरोप पोहोचला, असं मुख्याध्यापकांनी मानू नये. तारखेचा, पैशाचा, परीक्षेचा किंवा आरोग्याचा निरोप असेल तर तो तीन ठिकाणी असावा. ग्रुपवर, मुलाच्या वहीत आणि शाळेच्या फाटकाजवळच्या फळ्यावर. आणि ग्रुपवर टाकताना नुसतं लिहू नये, स्वतःच्या आवाजात बोलूनही टाकावं. बोलका निरोप पाठवायला अर्धं मिनिट पुरतं. वाचता न येणारी आजीसुद्धा तो ऐकू शकते. "पालकांनी सदर बाबीची नोंद घेऊन उचित कार्यवाही करावी" असल्या सरकारी भाषेपेक्षा "उद्या लस टोचणार आहेत, लेकरांना जेवू घालून पाठवा" हे सगळ्यांना समजतं.

उसाच्या फडावर गेलेलं मूल

आपल्या भागात या गोष्टीला आणखी एक बाजू आहे, आणि ती फार मोलाची आहे. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातली आणि शेजारच्या बीडमधली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला निघतात. टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात. परत येतात ती पाडव्याच्या आगेमागे. लेकरं बरोबर गेली की त्यांचं निम्मं वर्ष बुडतं. त्यांच्यासाठी गावातच हंगामी वसतिगृहाची सोय आहे. मूल आजी-आजोबांकडे राहतं आणि जेवण शाळेकडून मिळतं. आणि जे मूल आईबापाबरोबर जातंच, त्याच्यासाठी शिक्षण हमी पत्रक आहे. इथल्या शाळेनं ते भरून द्यायचं. मूल ज्या गावी जाईल तिथल्या शाळेनं ते पाहून त्याला वर्गात बसवून घ्यायचं.

पण पत्रक पाचटाच्या कोपीत, पेटीच्या तळाशी पडून राहिलं तर? इथे मुख्याध्यापकांचा फोन खरा कामाला येतो. आपल्या शाळेतली अमुक मुलं अमुक कारखान्याच्या भागात गेली आहेत, असं इथल्या मुख्याध्यापकांनी तिथल्या केंद्रप्रमुखांना कळवावं. तिथल्या गुरुजींनी फडावर जाऊन मुलाला शाळेत आणावं. मूल कुठवर शिकलं आहे, कुठे अडतं, हेही एकमेकांना सांगावं. शाळाबाह्य मुलांसाठी 'बालरक्षक' म्हणून काम करणारे शिक्षक आपल्या राज्यात आहेत. त्यांच्यासारख्यांना फोनची ही साखळी फार उपयोगी आहे. आणि इथून गेलेल्या आईला आठवड्यातून एकदा आपल्या शाळेच्या बाईंचा बोलका निरोप गेला, "सातचा पाढा पाठ झाला का गं?" असा, तर ते मूल पाडव्यानंतर शाळेत परत यायला कचरणार नाही. शाळेच्या पानावर झेंडावंदनाचे पन्नास फोटो टाकण्यापेक्षा या एका निरोपाची किंमत मी जास्त धरते.

काय टाकावं, काय टाकू नये

आता जरा नाजूक गोष्टीकडे वळू. शाळा सगळ्यांसमोर बोलते तेव्हा ती आपल्या लेकरांबद्दल बोलत असते. स्नेहसंमेलनात नाचणाऱ्या मुलीचा फोटो आपल्याला गोड वाटतो. पण तो फेसबुकवर गेला की कुणी पाहावा आणि कुणी उचलावा, याला धरबंध राहत नाही. त्याखाली मुलीचं पूर्ण नाव, इयत्ता आणि गाव लिहिलेलं असेल तर आणखीच काळजी. संसदेनं २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी आईवडिलांची संमती हवी, हे तत्त्व त्यात आलं आहे. तेव्हा शाळेनं वर्षाच्या सुरुवातीलाच आपल्याला विचारावं, आणि 'नको' म्हटलं तर त्याचा राग धरू नये.

फोटोपेक्षाही जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे यादी. फी न भरलेल्यांची यादी, चाचणीत नापास झालेल्यांची यादी, 'अभ्यास न करणारे विद्यार्थी' म्हणून नावं. पन्नास घरांत एकाच वेळी ती पोहोचते. वर्गात कोपऱ्यात उभं केलेलं पोर तास संपला की सुटतं, पण फोनवरची यादी पुसली जात नाही. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याच्या १७ व्या कलमात मुलाला मारायला जशी मनाई आहे तशीच मानसिक त्रास द्यायलाही आहे. असं काही सांगायचंच असेल तर त्या एका आईला बोलावून किंवा तिला एकटीला फोन करून सांगावं. आणि एखाद्या मुलावर किंवा मुलीवर अत्याचाराचा प्रसंग ओढवला असेल तर नाव, फोटो, शाळा यांतलं काहीही ग्रुपवर यायला नको. अशा मुलांची ओळख उघड करणं कायद्यानं गुन्हाच आहे. 'काळजीपोटी' पुढे ढकललेला निरोपही त्यात धरला जातो, हे आपणही ध्यानात ठेवलं पाहिजे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. एखाद्या आईच्या फोनवर मग रात्री-अपरात्री कुणी 'गुड नाइट' पाठवू लागतो, आणि घरात बोलणी तिलाच बसतात! काही जणी याच धाकानं आपला नंबर देत नाहीत. यावर उपाय आहे. मुख्याध्यापकांनी ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट यादी केली तर निरोप प्रत्येकीला स्वतंत्र जातो आणि कुणाचा नंबर कुणाला दिसत नाही. फक्त एक करायचं, शाळेचा नंबर आपण आपल्या फोनमध्ये नाव घालून साठवून ठेवायचा. नाहीतर तो निरोप येत नाही.

गुरुजींचीही बाजू आहे

हे सगळं वाचून शिक्षकांवरच सारा भार टाकू नका. त्यांच्या फोनमध्ये आपला एक ग्रुप असतो, तर वरच्या कचेऱ्यांचे कितीतरी! केंद्राचा, तालुक्याचा, जिल्ह्याचा. "आजच्या आज माहिती भरा", "फोटो पाठवा", "लिंक भरा". खिचडी शिजली त्याचा फोटो, झाड लावलं त्याचा फोटो, मुलांनी हात धुतले त्याचाही फोटो. फोटो काढता काढता तास संपतो. सप्टेंबर २०२४ मध्ये प्राथमिक शिक्षकांच्या संघटनांनी राज्यभर आंदोलन केलं. तेव्हा काळ्या फिती लावण्याबरोबरच प्रशासनाच्या व्हॉट्सॲप ग्रुपांतून बाहेर पडणं हाही त्या आंदोलनाचा एक भाग होता. मागण्या वेगळ्या होत्या, पण ग्रुप सोडणं हे निषेधाचं साधन होऊ शकतं, यावरूनच फोन ही कचेरी कशी झाली आहे ते समजावं.

तेव्हा रात्री दहाला "सर, उद्या सुट्टी आहे का?" असं विचारून त्यांनाही छळू नये. शाळेनं निरोपाची वेळ ठरवावी, समजा संध्याकाळी पाच ते सहा, आणि आपण ती पाळावी. ग्रुपवर देवादिकांचे फोटो, राजकारण, 'हा मेसेज अकरा जणांना पाठवा' हे तर नकोच नको. त्या गर्दीत कामाचा निरोप दिसेनासा होतो. पण या त्रासाला कंटाळून काही शाळा 'फक्त ॲडमिन लिहील' अशी कळ दाबून ठेवतात. मग शाळा बोलते आणि पालक नुसते ऐकतात. आठवड्यातून एक दिवस तरी ती कळ उघडावी. 'या आठवड्यात काय विचारायचं आहे ते विचारा' असं मुख्याध्यापकांनी म्हणावं.

आपण काय करू शकतो?

१. शाळेच्या प्रवेश अर्जावर आणि ग्रुपमध्ये आईचा नंबर आहे का ते उद्याच पाहा. नसेल तर तुमचा नंबर घालायला सांगा. वडिलांचा काढायला नको, दोन्ही असू द्या.

२. तुमच्याकडे फोन नसेल तर शेजारच्या ज्या मैत्रिणीकडे आहे तिचा नंबर शाळेला द्या, तिला विचारून. गल्लीत एक 'निरोप्या' बाई ठरवा. भिशीला, बचत गटाला जमता तेव्हा शाळेचे निरोप मोठ्यानं वाचून दाखवायला काय हरकत आहे?

३. निरोप वाचता येत नसेल तर संकोच करू नका. "बाई, बोलून पाठवा" असं सांगा. सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाही.

४. तारखेचा निरोप आला की तो लगेच कालनिर्णयच्या चौकोनात लिहा. फोनमधला निरोप वर सरकून जातो, भिंतीवरचा डोळ्यासमोर राहतो.

५. मुलाचा फोटो कुठे टाकावा, कुठे नको, ते शाळेला लेखी कळवा. दोन ओळी पुरे.

६. शाळा व्यवस्थापन समितीत जा. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत पाऊण हिस्सा पालकांचा आणि निम्म्या जागा बायकांच्या. कागदावर बाईचं नाव आणि बैठकीला तिचा नवरा, असं होऊ देऊ नका! शाळेचा ग्रुप कसा चालावा, त्यावर काय यावं, निरोपाची वेळ कोणती, हे याच बैठकीत ठरवून घ्या.

७. शाळेत काही चांगलं घडलं तर तेही कळवा. "काल मुलानं घरी येऊन सगळी कविता म्हणून दाखवली" एवढं लिहिलंत तर त्या बाईंना किती बरं वाटेल! तक्रार मात्र ग्रुपवर करू नका. शाळेत जाऊन, समोर बसून बोला.

आणि एक सांगते. फोन कितीही आला तरी पालकसभा चुकवू नका. मुख्याध्यापकांनीही 'ग्रुपवर कळवलं आहे' म्हणून सभा टाळू नये. सभेत समोरची आई गप्प का बसली आहे ते दिसतं, फोनमध्ये ते दिसत नाही. सोयाबीनच्या काढणीत सभा ठेवली तर कुणी येणार नाही, म्हणून दिवसही आयांना विचारून ठेवावा.

जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा मुख्याध्यापकांनी पहिल्या पालकसभेत एक कागद फिरवावा. आईचं नाव, आईचा नंबर, आणि निरोप लिहून हवा की बोलून, एवढे तीनच रकाने. तुमच्या शाळेत असा कागद फिरला नाही, तर वहीचं पान फाडून तुम्हीच फिरवा. पेन तेवढं बरोबर न्या.